आईच्या डोक्याचा फोटो

आई,

दारात येणारा प्रत्येक जण विचारतो, कशानं गेली? मी सांगते, मेंदूतली रक्ताची नळी बंद पडली. माणसं मान हलवतात. नाव असलेलं मरण त्यांना पटतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तू जात होतीस, त्याला काय म्हणायचं हे मला चार माणसांत सांगता येत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते. लांबण लावलेली तुला आवडायची नाही. "मुद्द्याचं बोल वं माय," म्हणायचीस. आज तेवढं ऐकून घे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, म्हणजे दिवसभर माणसांचे आवाज ऐकणारी. तुझं बिघडल्याचं मला आवाजावरूनच कळलं. दर रविवारी तू गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचीस आणि इतकी ओरडून बोलायचीस, की मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायचे. कोणाच्या बागेत किती चांगला घड लागला, कोणत्या व्यापाऱ्याला तू कसं फटकारलंस, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं. मग एका रविवारी तू म्हणालीस, "बरं हाये." मी विचारलं, कापणी झाली का? "हाये ना." कोण होतं कापणीला? "व्हते कोनी." आवाज सपाट होता, कुठे चढ नाही, उतार नाही. दोन रविवार तसेच गेले आणि तिसऱ्या रविवारी फोनच आला नाही.

मी सुट्टी टाकून गावी आले. बागेवरूनच रस्ता जातो, म्हणून आधी बाग दिसली. घड झाडावरच पिवळे झाले होते, पाखरं त्यांवर तुटून पडली होती. केळी हिरवी असतानाच कापतात. झाडावर पिकू देणं ही केळीवाल्याच्या घरात लाजेची गोष्ट, आणि तुझ्या बागेत ती घडली होती. अप्पा गेल्यानंतर इतकी वर्षं तू एकटीनं ती बाग राखली होतीस. कापणीवाले तुझी चाहूल लागली की विडी विझवायचे. तू ओट्यावर बसली होतीस, केस न विंचरलेले, पदर मळलेला. मला पाहून उठली नाहीस. "आली का?" म्हणालीस आणि पुन्हा समोर बघत राहिलीस.

शेजारच्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वय झालं बाई. म्हातारपनी असंच व्हतं." काकू म्हणाल्या, नजर लागली. मला दोन्हीही पटलं नाही. अप्पा गेले तेव्हा तू दिवस घातलेस आणि लगेच पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरची पुढची बाग, धरायला उभी राहिलीस. रडायचं तेव्हा तू रडली नव्हतीस. आता दोन वेळचं होतं, बाग होती, मुली सुखात होत्या, आणि तू अशी विझून बसली होतीस. मला त्याचं काही कारण सापडेना.

तुला मी जळगावला, मेहरूण तलावाजवळच्या माझ्या घरी आणलं. तुझा जावई म्हणाला, "तलावावर फिरवून आणू, मन रमेल." तलाव बघून तू म्हणालीस, "पानी हाये." एवढंच.

थंडीचे दिवस होते. बाजारात भरताची वांगी आली होती. मी मुद्दाम मोठाली निवडून आणली आणि अंगणात काटक्या पेटवून भाजली. म्हटलं, भरताचा वास आला की आई उठेल. गावजेवणाला पाच-पन्नास माणसांचं भरीत तू एकटी घोटायचीस. त्या दिवशी भाजलेली वांगी तुझ्यापुढे ठेवली. तू बघत बसलीस.

"आता?" तू मला विचारलंस.

"सोल ना."

एक सोललंस आणि थांबलीस. "मंग?"

"दुसरं घे."

दुसरं घेतलंस, पुन्हा थांबलीस. मला आधी वाटलं, आई विसरायला लागली. पण तू काही विसरली नव्हतीस. कोणाचं लग्न कोणत्या साली झालं, कोणत्या जावयाला कोणत्या मांडवात राग आला, विचारलं की तू बिनचूक सांगायचीस. फक्त एका कामातून दुसरं काम आपोआप निघत असतं ना, ते तुझ्यात थांबलं होतं. प्रत्येक पुढचं पाऊल कोणीतरी सांगावं लागत होतं. भरीत मीच घोटलं. दोन घास खाल्लेस. "माती खाल्ल्यावानी लागते," म्हणालीस. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलंस.

त्यानंतरची ती दुपार. मी तुझ्या केसांना तेल लावत होते. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. बाहेर भंगारवाल्याची आरोळी चालली होती. तू अगदी शांतपणे म्हणालीस, "तू झाली तवा मी तोंड फिरवून घेतलं व्हतं. तिसरी पोरगी. सुईनीले म्हनलं, ने कुठंबी. दूधबी पाजलं नही."

माझा हात तुझ्या केसांतच राहिला. मी हसण्यावारी न्यायचं म्हणून म्हटलं, "असू दे गं. जुनी गोष्ट."

"मले तू नको व्हती," तू म्हणालीस. "आताबी नको."

मी वेणी पूर्ण घातली. रिबीन बांधली. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न विचारता मी तुला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. पाटी वाचून तू दारातच थबकलीस. "हा येड्याचा डॉक्टर हाये ना?" मी म्हटलं, झोपेचा आहे. डॉक्टर माझ्याहून लहान होते, आणि तुला "आई" म्हणत होते. त्यांनी तुला सांगितलं, आई, आठवतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगा, भराभर. मला मनात हसू आलं. तुला आणि भाज्यांची नावं!

"वांगं," तू म्हणालीस. बराच वेळ गेला. "वांगं." मग, "मेथी." आणि मग काहीच नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, पोरीनं बाईंकडे पाहावं तसं. ती नजर मला आदल्या दिवशीच्या बोलण्याहून जड गेली.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. फार वर होता. तुला गावच्या दवाखान्यातून मागेच गोळ्या लिहून दिल्या होत्या, तू त्या कोनाड्यात टाकल्या होत्यास, हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "हा नुसता दुःखाचा आजार वाटत नाही मला. डोक्याचा सीटी स्कॅन करून घेऊ." मशीन धुळ्यात नवं आलं होतं, आणि तुझी थोरली, पुष्पाताई, धुळ्यालाच दिलेली. आपण एसटीनं गेलो. पारोळा येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे.

भाऊजींनी धुळ्याच्या स्टँडवर तुझी पिशवी घेतली. सासूला ते मामीच म्हणतात; त्यांच्या घरच्या अहिराणीत ते तुला म्हणाले, "मामी, एकदाव बठ्ठं दखाडी लिऊत, मंग कसानी चिंता शे?" एकदा सगळं दाखवून घेऊ, मग कशाची काळजी? तू मान हलवलीस. त्या पांढऱ्या यंत्राच्या कड्यात डोकं घालून तू आडवी झालीस, तेव्हा मी काचेपलीकडून तुझी पावलं बघत होते. जोडवी काढायला लावली होती. अप्पा गेल्यावरही तू ती काढली नव्हतीस, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. बोटांवर त्यांचे पांढरे वळ दिसत होते.

जळगावला परत आल्यावर डॉक्टरांनी ती काळी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. धुळ्याच्या अहवालात 'वयोमानानुसार बदल' असं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय आहेच, पण वय एवढंच नाही. मेंदूच्या खोल भागात टाचणीच्या डोक्याएवढे काळे डाग होते. आजूबाजूचा भाग ठिकठिकाणी करपल्यासारखा. तू खुर्चीत बसून तुझ्याच डोक्याचा फोटो बघत होतीस.

"हे काय हाये?" तू विचारलंस. कितीतरी दिवसांनी तू आपणहून काही विचारलं होतंस.

डॉक्टर जळगावचेच. म्हणाले, "आई, तुमच्या बागेत ठिबक आहे का?"

"हाये."

"मोटर चालू असते, मोठ्या नळीत पाणी असतं, पण बारीक नळीची तोंडं बुजली तर काय होतं?"

"शेवटची झाडं वायतात."

"तसंच. मेंदूचा पुढचा भाग ठरवतो, खोलातला भाग ते सुरू करून देतो, मनाला उभारी देतो. मधे बारीक दोरे आहेत. दाबामुळे तिथल्या बारीक नळ्या बुजल्या. म्हणून उठावंसं वाटत नाही, काही गोड लागत नाही, पुढचं काम सुचत नाही. तुम्ही आळस करत नाही, आई. तुम्ही खचलेल्याही नाही. हा आजार आहे."

तू त्या डागांकडे वाकून बघितलंस. मग म्हणालीस, "मंग ॲसिड सोडा ना नळीतून. आम्ही तसंच मोकळं करतो."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. तू मात्र हसली नव्हतीस. तू खरोखरच उपाय सुचवला होतास.

बुजलेली तोंडं उघडत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवी बुजू नयेत म्हणून दाबाच्या गोळ्या, आणि मनाला उभारी यावी म्हणून वेगळ्या. किती फरक पडेल, सांगता येत नाही म्हणाले. तू बाहेर बाकावर बसलीस, तेव्हा मी आत परत गेले आणि त्या दुपारचं बोलणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते मनाला लावून घेऊ नका. त्या नाही बोलत, आजार बोलतो."

त्या एका वाक्यावर मी किती दिवस जगले, तुला काय सांगू! ती फिल्म मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली होती. कधी काढून खिडकीच्या उजेडात धरायचे. टाचणीच्या डोक्याएवढे ते डाग बघायचे आणि स्वतःला सांगायचे, हे बोलले, आई नाही बोलली.

गोळ्यांनी पहिल्यांदा तुझं तोंड कोरडं पडलं, चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी एक बदलली. संक्रांत गेली, होळी गेली. मग एक दिवस मी कामावरून आले तर तू शेजारणीशी भांडत होतीस. तिनं वाळवण ओलांडलं म्हणून. मी रस्त्यातच सायकल धरून उभी राहिले आणि तुझा तो चढलेला आवाज ऐकत राहिले.

पण तू बरी होत गेलीस तसं एक नवंच सुरू झालं. भाऊजी आणि पुष्पाताई आले होते. बाग शेजारच्या काकांना वाट्यानं द्यायची असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. तू ताट सरकवलंस. "माझी बाग मले न विचारता देनारे तुम्ही कोन?" आणि मग एकेकाचा उद्धार केलास. पुष्पाताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "शकू, डॉक्टरांना सांग. डाग पुन्हा बोलायला लागले."

तू ते ऐकलंस. मग म्हणालीस, "तुम्ही माझ्या डोक्याचा फोटो काढला, तवापासून माझं काई माझं ऱ्हायलंच नही. बोलली तं डाग. चिडली तं डाग. मी कवा बोलू मंग?"

बाग वाट्यानं दिली गेली.

आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मुलींनी माहेरी जायचं, झोके बांधायचे. त्या वर्षी आईच लेकीच्या घरी होती. मी तुला मांडे करायला बसवलं. तुझे हात आता पुढचं काम विचारत नव्हते. पातळ मांडा हातावर फिरवून उलट्या खापरावर टाकत होतीस. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"आई, मागं तू मला एक बोलली होतीस."

"काय?"

"मी नको होते म्हणून."

तू मांडा उतरवलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. "ध्यानात हाये."

"डॉक्टर म्हणाले, आजार बोलला."

"त्याले काय ठाऊक? त्याचा जलम तरी झाला व्हता का तवा?" तू कणकेचा दुसरा उंडा हातात घेतलास. "खोटं नही बोलली मी. नको व्हती तू मले."

मी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. तू सांगत राहिलीस. स्वतःबद्दल तुला मी कधी इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. बऱ्हाणपूरच्या आत्याला मूल नव्हतं. बारशानंतर मला तिला द्यायचं असं आजीनं ठरवलं. तुला कोणी विचारलं नाही. आत्या नवं झबलं घेऊन आली. निघायच्या वेळी तू मला घेऊन मागच्या दारानं बागेत गेलीस आणि बऱ्हाणपूरची गाडी जाईपर्यंत केळीच्या ओळीत बसून राहिलीस. घरातली माणसं हाका मारत होती. अप्पा त्यानंतर किती दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

"माया आली म्हणून?" मी विचारलं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

"माया गिया काई आली नव्हती," तू म्हणालीस. "राग आला व्हता. माझ्या पोटचं, मले न विचारता वाटनारे हे कोन? नको व्हती तू, पन देली नही." मांडा खापरावर टाकून तू पदरानं घाम पुसलास. "त्या दुखन्यात ना, नको व्हती तेवढंच दिसे मले. देली नही, हे दिसेच ना. जसं काई झालंच नव्हतं."

सगळं मिळाल्यासारखं वाटलं मला. तरी लोभ सुटला नाही. विचारलं, "आणि 'आताबी नको' म्हणालीस ते?"

तेव्हा तू खोटं बोलू शकली असतीस, आई. लेकीसाठी एवढं खोटं कोणीही बोललं असतं.

"ते कोन बोललं, मले ठाऊक नही," तू म्हणालीस.

"आजार बोलला, म्हण ना."

"कशी म्हनू? तोंड तं माझंच व्हतं. तुले दिसलं का फोटोत?"

मी भांडले तुझ्याशी. म्हटलं, एवढा जीव लावते मी तुला, तुला एक शब्द बोलता येत नाही? तू म्हणालीस, "मांडा जळतो तुह्या बोलन्यात. सरक." ते भांडण तिथंच राहिलं. पुन्हा काढू म्हटलं होतं मी मनात.

पावसाळा संपता संपता तू पुन्हा गप्प झालीस. गोळ्या त्याच, वेळा त्याच. डॉक्टर म्हणाले, आणखी नळ्या बुजल्या असतील. पुन्हा फोटो काढायचा का, मी विचारलं. ते म्हणाले, "काढला तर डाग जास्त दिसतील. उपाय जास्त दिसणार नाही." ह्या वेळी मात्र तू वाईटसुद्धा बोलत नव्हतीस. मी घास भरवायचे आणि तू गिळायचीस, तोंड उघड म्हटलं की उघडायचीस. तेल लावताना मी थांबून वाट बघायचे. नको म्हण. 'आताबी नको' म्हण, पण म्हण काहीतरी. तू भिंतीकडे बघत राहायचीस.

दिवाळीच्या आधी एका सकाळी चहाची बशी तुझ्या उजव्या हातातून निसटली आणि तोंड एका बाजूला झुकलं. दवाखान्यात तू तीन-चार दिवस होतीस. डावा हात माझ्या हातात होता आणि त्याला पकड होती. ती पकड माझ्यासाठी होती की अशा आजारात हात आपोआप आवळतो, हे डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही.

आता तुझे दिवस झालेत. कालपर्यंत माणसं येत होती. गावाकडची काकू आली, पुष्पाताईनं तिला शेजारी बसवलं. ताई रडून रडून थकली होती, आणि तिच्या परीनं ती तुझं नाव सांभाळत होती. काकूला म्हणाली, "शेवटी शेवटी फार काहीबाही बोलायची. शकूला तर नको नको ते बोलली. पण ते आई नव्हती हो, डोक्यातले डाग बोलायचे."

मी दारात उभी होते. मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकून मला बरं वाटेल. मी म्हटलं, "नाही, ताई. आई बोलायची."

ताईनं वळून विचारलं, "तुला जे बोलली, तेसुद्धा?"

"हो," मी म्हटलं. "तेसुद्धा तिचंच असू दे."